स्टारबोर्ड आणि पोर्ट: जहाजाच्या दोन बाजूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मर्चंट नेव्हीच्या परीक्षेला बसणारी मुलं, आरमाराचा इतिहास वाचणारे, परदेशी बातम्या मराठीत आणणारे आणि मांडव्याच्या बोटीवर कठड्याला टेकून उभे राहणारे प्रवासी, असे सगळेच कधी ना कधी या दोन शब्दांपाशी अडतात. उजवं कोणतं, डावं कोणतं, आणि मुळात ही नावं आली कुठून? दोन्ही शब्दांच्या मुळाशी एक वल्हं आहे. ते आज कुठल्याही मोठ्या जहाजावर नाही, पण नावं त्याचीच चालू आहेत.

स्टारबोर्ड म्हणजे काय आणि पोर्ट म्हणजे काय?

जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, म्हणजे नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताची बाजू स्टारबोर्ड आणि डाव्या हाताची पोर्ट. तुम्ही नंतर कुठेही वळा, ही नावं बदलत नाहीत.

मग सरळ डावं-उजवं म्हणायला काय हरकत आहे?

डावं-उजवं हे माणसाचं असतं, स्टारबोर्ड-पोर्ट हे जहाजाचं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला निघालेल्या बोटीचंच बघा. बोट साधारण दक्षिणेकडे चाललेली असते. घारापुरी, न्हावा-शेवा, उरण, करंजा हे सगळं पोर्टच्या बाजूला राहतं आणि कुलाब्याच्या इमारती, त्यांच्या पलीकडचा मोकळा समुद्र स्टारबोर्डला. आता मुंबई मागे पडताना बघायची म्हणून तुम्ही पाठमोरे उभे राहिलात, तर तुमचा डावा हात कुलाब्याकडे येईल. पण बोटीच्या दृष्टीने कुलाबा अजूनही स्टारबोर्डलाच आहे. परतीच्या फेरीत मात्र बोटच फिरलेली असते, त्यामुळे कुलाबा पोर्टला येतो.

वल्ह्यांच्या काळात तर हा प्रश्न रोजचा होता. वल्हं ओढणारा माणूस जहाजाच्या मागच्या बाजूकडे तोंड करून बसतो आणि सुकाणू धरणारा पुढे बघत असतो. दोघं समोरासमोर. एकाने "उजवीकडे" म्हटलं तर दुसऱ्याने काय समजायचं? वाऱ्यात, लाटांत, ओरडून दिलेल्या हुकमाचा अर्थ लावत बसायला वेळ नसतो. म्हणून बाजूंना जहाजाची स्वतःची नावं हवीत.

'स्टारबोर्ड'मध्ये तारा कुठून आला? ताऱ्यांवरून दिशा ओळखायचे म्हणून का?

नाही. हा समज फार पसरलेला आहे आणि ऐकायला पटणाराही आहे, पण आकाशातल्या ताऱ्याचा इथे काही संबंध नाही.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'स्टेओरबोर्ड' असा होता. 'स्टेओर' म्हणजे जहाज वळवण्याचं साधन, सुकाणू. आजच्या इंग्रजीतला 'स्टिअर' हा शब्द आणि आपल्या गाडीचं 'स्टिअरिंग' त्याच घराण्यातलं. 'बोर्ड' म्हणजे फळी, आणि फळ्यांनी बनलेली जहाजाची बाजू. तेव्हा स्टेओरबोर्ड म्हणजे सुकाणूची बाजू. शतकानुशतकांच्या उच्चारात 'स्टेओर'चं 'स्टार' झालं, एवढंच.

'बोर्ड'चा हा अर्थ आपण रोज वापरतो. 'ऑन बोर्ड' म्हणजे मुळात जहाजाच्या बाजूवरून आत आलेला, 'ओव्हरबोर्ड' म्हणजे त्या बाजूवरून बाहेर पडलेला. आयटी कंपनीत नव्या माणसाचं 'ऑनबोर्डिंग' होतं, तेही याच जहाजाच्या फळीवरून.

हा शब्द किती जुना आहे?

किमान अकराशे वर्षं. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेचा ओटार नावाचा एक दर्यावर्दी व्यापारी इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे आला आणि आपण आपल्या देशाच्या उत्तर टोकापर्यंत कसे गेलो ते त्याने सांगितलं. ती हकिकत जुन्या इंग्रजीत लिहून ठेवली गेली आणि ती आजही वाचता येते. तो म्हणतो, सगळी वाट ओसाड जमीन स्टेओरबोर्डला ठेवली आणि मोकळा समुद्र 'बॅकबोर्ड'ला. बॅकबोर्ड म्हणजे डावी बाजू. त्याचा अर्थ पुढे येईल.

हे वाक्य कोकणातल्या माणसाला नकाशाशिवाय कळतं. ओटार पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे चालला होता. आपला किनाराही पश्चिमेचाच. रत्नागिरीहून मुंबईला येणाऱ्या जहाजाला जमीन स्टारबोर्डलाच राहते आणि समुद्र पोर्टला. मुंबईहून मुरूड-जंजिऱ्याकडे निघालात की उलटं.

पण सुकाणू उजव्या बाजूला का होतं? ते तर मागे मधोमध असतं ना?

आज असतं. उत्तर युरोपात त्या काळी नव्हतं. जहाजाच्या मागच्या भागात उजव्या बाजूला एक रुंद पात्याचं मोठं वल्हं बांधलेलं असे आणि त्यानेच जहाज वळवत. उजवी बाजू निवडण्याचं कारण साधं आहे: बहुतेक माणसं उजव्या हाताची असतात. सुरुवातीला हे वल्हं नुसतं हातात धरून चालवत, तेव्हा जोर लावायला उजवी बाजूच सोयीची होती.

ही व्यवस्था प्रत्यक्ष कशी होती ते सांगायला नॉर्वेत दोन जहाजं जमिनीखाली जपली गेली. दोन्ही दफनासाठी वापरलेली आणि मातीच्या ढिगाऱ्याखाली हजार वर्षं राहिलेली. गोकस्टाडचं जहाज 1880 मध्ये सापडलं, ओसेबर्गचं 1904-05 मध्ये उकरून काढलं. दोन्ही नवव्या शतकातली, ओकच्या लाकडाची. गोकस्टाड सुमारे 23 मीटर लांब आहे आणि त्याला एकेका बाजूला सोळा वल्ह्यांची सोय आहे.

त्याच्या सुकाणूकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. माणसाच्या जवळपास दुप्पट उंचीचं एकसंध पातं. जहाजाच्या उजव्या अंगाला बाहेरून एक लाकडी गोळा बसवलेला आहे, फुगीर, मध्ये भोक असलेला. पात्यातून, त्या गोळ्यातून आणि जहाजाच्या फळीतून आरपार, पिळलेल्या लवचीक फांदीची जाड दोरी ओवून ती आतल्या बाजूला बांधलेली. वरच्या टोकाला, जहाजाच्या काठाशी, आणखी एक पट्टा. म्हणजे पातं दोन ठिकाणी धरलेलं, पण खालच्या गोळ्यावर ते आपल्या उभ्या आसाभोवती फिरू शकतं. पात्याच्या डोक्यात एक आडवा दांडा खोचलेला, तो जहाजाच्या आत येतो. सुकाण्याने तो दांडा नुसता थोडा हलवला की पातं फिरतं. उथळ पाण्यात किंवा वाळूवर चढताना खालची बांधणी सैल करून पातं वर उचलून घेता येतं. सुकाणू जहाजाच्या तळापेक्षा खोल जाई, त्यामुळे ही सोय नसती तर किनाऱ्याला लागताना ते पहिल्यांदा मोडलं असतं.

हे गावठी आणि कच्चं काम असेल असं वाटत असेल तर 1893 साल आठवावं. गोकस्टाडची प्रतिकृती बांधून माग्नुस अँडरसन नावाच्या कप्तानाने ती बर्गनहून अटलांटिकपार नेली आणि शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हजर केली. न्यूफाउंडलंडपर्यंतचं अंतर सुमारे चार आठवड्यांत कापलं गेलं. त्या प्रवासानंतर अँडरसनने सर्वांत जास्त तारीफ केली ती या बाजूच्या सुकाणूची. कसल्याही हवेत एकट्या माणसाला ते सांभाळता येत होतं.

मग डाव्या बाजूला 'पोर्ट' का म्हणतात?

इथे एक नाव नाही, तीन नावं आहेत, एकामागून एक आलेली.

पहिलं ओटारचं 'बॅकबोर्ड', पाठीची बाजू. दोन्ही हातांनी उजवीकडचं वल्हं धरून उभ्या असलेल्या सुकाण्याची पाठ डाव्या बाजूकडे होते, म्हणून ती पाठीची. जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियन भाषांनी हा शब्द आजतागायत ठेवलाय. इंग्रजांनी मात्र तो सोडला.

दुसरं नाव मध्ययुगीन इंग्रजीतलं 'लाडबोर्ड'. बहुतेक अभ्यासकांच्या मते यातला 'लाड' म्हणजे माल भरणे. म्हणजे माल चढवण्याची बाजू. धक्क्याला जहाज उजव्या अंगाने लावलं तर सुकाणू धक्का आणि जहाज यांच्यामध्ये चेमटणार. म्हणून जहाज डाव्या अंगाने लावायचं आणि माल त्याच बाजूने आत घ्यायचा. पुढे सोळाव्या शतकात 'स्टारबोर्ड'च्या जोडीने बोलता बोलता 'लाडबोर्ड'चं 'लारबोर्ड' झालं. जोडीचे शब्द असे एकमेकांसारखे होत जातात.

तिसरं नाव 'पोर्ट'. तर्क तोच: जी बाजू बंदराकडे असते ती. सुकाणूच्या हुकमांत हा शब्द लारबोर्डच्या सोबतीने बराच आधीपासून वापरात होता, अधिकृत नाव मात्र लारबोर्डच होतं.

लारबोर्ड मग का टाकून दिला?

दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा. स्टारबोर्ड. लारबोर्ड. आता कल्पना करा की वारा सुटलाय, शिडं फडफडताहेत आणि तीस हात लांबून कोणी तरी हा हुकूम ओरडतंय. ऐकू येतं ते फक्त '-आरबोर्ड'. एका उच्चाराच्या फरकावर जहाज खडकाच्या अलीकडे की पलीकडे हे ठरणार असेल, तर तो शब्द कामाचा नाही.

ब्रिटिश आरमार खात्याने 22 नोव्हेंबर 1844 रोजी हुकूम काढून लारबोर्ड बंद केला आणि त्याच्या जागी पोर्ट आणला. अमेरिकेच्या नौदलाने 1846 मध्ये तेच केलं. हुकूम निघाला म्हणून सगळ्यांच्या तोंडातून शब्द लगेच गेला असं नाही. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर आणि मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर लारबोर्ड पुढेही ऐकू येत राहिला.

माझ्या मते जहाजी भाषेतल्या बदलांपैकी हा सर्वांत शहाणपणाचा. शब्दाचं वय, परंपरा, रुळलेपण हे सगळं बाजूला ठेवून त्यांनी एकच गोष्ट बघितली: वादळात तो नीट ऐकू येतो का.

पोर्ट वाईनशी काही संबंध?

नाही. ती दारू पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या नावावरून ओळखली जाते. बंदर या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत दोघांचं मूळ जातं, पण जहाजाच्या बाजूचं नाव दारूवरून आलेलं नाही.

फ्रेंच, पोर्तुगीज वगैरे भाषांत काय म्हणतात?

त्यांनी हे शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्द्यांकडून उचलले. फ्रेंचांचं 'त्रिबोर' आणि 'बाबोर', स्पॅनिशांचं 'एस्त्रिबोर' आणि 'बाबोर', पोर्तुगीजांचं 'एस्तिबोर्दो' आणि 'बोंबोर्दो'. कान देऊन ऐकलंत तर प्रत्येकात सुकाणूची बाजू आणि पाठीची बाजू सापडते. पाचशे वर्षांपूर्वी गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी आलेल्या पोर्तुगीज जहाजांवरचे हुकूमही याच घराण्यातले.

सुकाणू बाजूवरून मागे मधोमध कधी गेलं?

चीनमध्ये फार आधी. ग्वांगझूजवळच्या हान काळातल्या थडग्यात मातीचं छोटं जहाज सापडलंय, त्याच्या मागच्या टोकाला सुकाणू आहे. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं.

उत्तर युरोपात ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतं. इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये साधारण 1180 च्या सुमाराचं काळ्या दगडाचं बाप्तिस्म्याचं पात्र आहे. त्यावर कोरलेल्या जहाजाला सुकाणू मागे दाखवलंय. एल्बिंग शहराच्या 1242 च्या मोहरेवर तर ते अगदी स्पष्ट आहे. जहाजं उंच आणि अवजड होत गेली, तसं बाजूला लटकणारं वल्हं पुरेना. जहाज एका अंगाला कललं की ते पाण्याबाहेर यायचं, नाही तर फार खोल जायचं. मागच्या उभ्या लाकडाला बिजागऱ्यांनी जोडलेलं सुकाणू दोन्ही बाजूंना सारखंच काम करतं.

यानंतर उजवी बाजू सुकाणूची राहिली नाही. नाव मात्र कुणी बदललं नाही.

आपल्याकडच्या जहाजांना असं बाजूचं सुकाणू होतं का?

होतं, आणि त्याचं चित्र महाराष्ट्रातच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका समुद्रगामी जहाजाचं चित्र आहे. तीन डोलकाठ्या, उंच उचललेली दोन्ही टोकं, नाळेवर रंगवलेला डोळा, छताखाली मांडलेले रांजण आणि मागच्या भागात बाजूला बांधलेलं वल्ह्याचं सुकाणू. लेण्यात जाणाऱ्यांचं लक्ष बहुधा जातककथांकडे असतं. पुढच्या वेळी हे जहाज मुद्दाम शोधा.

हे चित्र आधाराला धरून अलीकडे खरोखरीचं जहाज बांधलं गेलं. फळ्या काथ्याने शिवून जोडायच्या, खिळा वापरायचा नाही, अशा जुन्या पद्धतीने. काम गोव्यात झालं, केरळच्या कारागिरांनी केलं, आणि मे 2025 मध्ये कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झालं. चौकोनी शिडं आणि वल्ह्यांची सुकाणूं असलेलं जहाज आज चालवायचं म्हणजे खलाशांना सगळं मुळापासून शिकावं लागतं. नुसत्या चित्रावरून सुकाणूचं पातं किती रुंद ठेवायचं, ते कुठे बांधायचं हे ठरवणं काय असेल, याचा विचार केला तरी त्या कारागिरांबद्दल आदर वाटतो.

मग आपल्या भाषांत सुकाणूवरून उजव्या बाजूला नाव का पडलं नाही?

बाजूला नाव पडायला सुकाणू एकाच बाजूला असावं लागतं. ग्रीक आणि रोमन जहाजांना ते दोन्ही बाजूंना असे. दोन्हीकडे असलं की त्यावरून उजवं-डावं वेगळं काढता येत नाही. एकच वल्हं आणि तेही नेहमी उजवीकडे, ही उत्तर युरोपातल्या बांधणीची खूण, आणि शब्दही तिथलाच.

'सुकाणू' हा आपला शब्द मात्र स्वतः मोठा प्रवासी आहे. अरबीत सुकाणूला 'सुक्कान' म्हणतात. अरबी समुद्रातल्या व्यापाराबरोबर तो गुजरातीत, मराठीत आला. सुकाणू धरणारा तो सुकाणी. ब्रिटिश जहाजांवर आपले सुकाणी इतके होते की इंग्रजीत त्यांच्यासाठी 'सीकनी' असा शब्दच रूढ झाला. नाखवा फारसीतून आला, खलाशी अरबीतून. आपल्या किनाऱ्याची जहाजी मराठी अशी चारी दिशांनी भरलेली आहे.

हिंदुस्थानी खलाशी स्टारबोर्डला काय म्हणत?

'जमना'. आणि पोर्टला 'दावा'.

कोकण, गुजरात, बंगाल, मलबार इथले खलाशी एकाच जहाजावर काम करत, त्यातून त्यांची एक मिश्र बोली तयार झाली. हिंदुस्थानी तिचा पाया, त्यात पोर्तुगीज, अरबी, फारसी, मलाय, इंग्रजी शब्द. थॉमस रोबकने 1811 मध्ये कलकत्त्यात या जहाजी शब्दांचा कोश छापला. कारण उघड होतं: गोऱ्या अधिकाऱ्याला ही बोली आली नाही तर जहाज चालणार नव्हतं.

'दावा' म्हणजे आपला डावाच. 'जमना' गुजराती. गुजरातीत उजव्याला 'जमणो' म्हणतात, आणि 'जमवुं' म्हणजे जेवणं. जेवायचा हात तो उजवा. नॉर्वेच्या खलाशाने बाजू ओळखली ती सुकाणू धरणाऱ्या हातावरून, आपल्या खलाशाने ओळखली ती घास घेणाऱ्या हातावरून. मला या साऱ्या विषयात याहून देखणी गोष्ट सापडलेली नाही.

टायटॅनिकवर 'स्टारबोर्ड' असा हुकूम दिला आणि जहाज डावीकडे वळलं, हे खरं का? चूक झाली का?

खरं आहे, आणि हुकूम समजण्यात चूक झाली नव्हती.

14 एप्रिल 1912 च्या रात्री हिमनग दिसल्यावर फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डॉकने 'हार्ड अ-स्टारबोर्ड' असा हुकूम दिला. सुकाणूच्या चाकावर रॉबर्ट हिचेन्स होता. त्याने चाक फिरवलं आणि जहाज डावीकडे, म्हणजे पोर्टकडे वळू लागलं. मर्डॉकला तेच हवं होतं.

त्या वेळचे हुकूम जहाजाला नव्हे, सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असत. दांडा उजवीकडे ढकलला की सुकाणूचं पातं डावीकडे जातं आणि जहाजाची नाळ डावीकडे वळते. छोट्या होडीत दांड्याचं सुकाणू हाताळलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. पुढे चाकं आली, वाफेची यंत्रं आली, दांडा नजरेआड झाला, तरी हुकूम जुन्याच पद्धतीने चालू राहिले. खलाशांच्या पिढ्यान् पिढ्या त्यावर तयार झाल्या होत्या.

पण वेगवेगळ्या देशांच्या जहाजांवर वेगवेगळे रिवाज असणं धोक्याचं होतं. सागरी सुरक्षेच्या 1929 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं की यापुढे हुकूम सरळ अर्थाने द्यायचा: स्टारबोर्ड म्हटलं की चाकही उजवीकडे, पातंही उजवीकडे, जहाजही उजवीकडे. 1930 च्या दशकात हे जगभर रुळलं. आज ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागेत, 'स्टारबोर्ड टेन' असा हुकूम आला की सुकाणी तो शब्दशः परत म्हणतो, चाक फिरवतो, आणि पातं दहा अंशांवर आलं की पुन्हा सांगतो. हुकूम परत म्हणण्याची ही सवय सर्वांत आधी लावली जाते.

लाल आणि हिरवे दिवे कोणत्या बाजूला?

पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. वाफेच्या जहाजांसाठी ब्रिटनने 1848 मध्ये हे सक्तीचं केलं, आणि आजचा आंतरराष्ट्रीय नियम 1972 चा, 1977 पासून लागू असलेला.

हे दिवे आपल्याला वाट दिसावी म्हणून नसतात. आपण कुठे तोंड करून चाललोय हे दुसऱ्याला कळावं म्हणून असतात. बाजूचा प्रत्येक दिवा नाकासमोरून मागच्या दिशेने 112.5 अंशांपर्यंतच दिसतो. उरलेले 135 अंश मागच्या पांढऱ्या दिव्याचे. तिघांची बेरीज 360. त्यामुळे काळोखात नुसता रंग बघून समोरच्या जहाजाची दिशा कळते. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले, तर ते थेट तुमच्या अंगावर येतंय. नुसता पांढरा दिसला, तर बहुधा तुम्ही त्याच्या मागे आहात.

यंत्रावर चालणारी दोन जहाजं समोरासमोर आली तर दोघांनी स्टारबोर्डकडे वळायचं, म्हणजे एकमेकांच्या पोर्ट बाजूंनी सुरक्षित जातात. एकमेकांची वाट आडवी छेदत असतील, तर ज्याला दुसरं जहाज आपल्या स्टारबोर्डला दिसतंय त्याने वाट द्यायची. त्याला दिसतो समोरच्याचा पोर्टचा दिवा, म्हणजे लाल. लाल दिसला, थांब किंवा वळ. समोरच्याला तुमचा हिरवा दिसत असतो. नियम आणि रंग असे एकमेकांत बसवलेले आहेत. वळताना भोंगाही द्यायचा: एक छोटा म्हणजे स्टारबोर्डकडे वळतोय, दोन म्हणजे पोर्टकडे.

बंदराच्या वाटेवरच्या बोयांनाही, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनाही, हेच रंग. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया पोर्टला ठेवायच्या, हिरव्या स्टारबोर्डला. अमेरिका आणि जपानमध्ये मात्र उलट आहे, तेव्हा बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

'पॉश' हा शब्द मुंबईच्या बोटींवरून आला, खरं का?

खोटं. पण ही कथा मुंबईला अगदी चिकटलेली आहे म्हणून उत्तर देतो. कथा अशी: पी अँड ओ कंपनीच्या बोटीने विलायतेहून मुंबईला येताना उत्तरेकडची, म्हणजे पोर्टची केबिन थंड असे आणि परत जाताना स्टारबोर्डची. श्रीमंत साहेब दोन्ही वेळा सावलीची बाजू घेत. 'विलायतेहून निघताना पोर्ट, घरी परतताना स्टारबोर्ड' याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शिक्का तिकिटावर मारत, तेच 'पॉश'.

असा शिक्का असलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही. आणि छानछोकी करणारा माणूस या अर्थाने 'पॉश' हा शब्द 1890 मधल्या इंग्रजी बोलीकोशात आहे. उन्हाचा हिशेब मात्र बरोबर आहे, म्हणूनच कथा इतकी टिकली असावी.

बो, स्टर्न, पूप, फोक्सल, यांचंही मूळ सांगाल का?

थोडक्यात. 'बो', म्हणजे नाळ, हा शब्द धनुष्यावरून नाही. खांदा या अर्थाच्या उत्तर युरोपीय शब्दावरून आला. 'स्टर्न', म्हणजे मागचं टोक, हा 'स्टिअर'च्याच कुळातला, म्हणजे स्टारबोर्डचा चुलतभाऊ. 'पूप' लॅटिन 'पुप्पिस'वरून, अर्थ पुन्हा जहाजाचा मागचा भाग. 'फोक्सल' हे 'फोर-कॅसल'चं खलाशांनी केलेलं छोटं रूप. मध्ययुगीन लढाऊ जहाजांच्या नाळेवर तिरंदाजांसाठी खरोखरच छोटा गढीसारखा मजला बांधत.

विमानातही हेच शब्द आहेत का?

दिवे तेच: डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा. प्रवासीही डावीकडच्या दारानेच चढतात.

डावं-उजवं लक्षात कसं ठेवायचं?

'डावी' दोन अक्षरी, 'पोर्ट'ही दोन अक्षरी. लांब शब्द लांब शब्दाबरोबर: उजवी आणि स्टारबोर्ड. रंगासाठी: हृदय डावीकडे आणि रक्त लाल. परीक्षेच्या खोलीत एवढं पुरतं.

मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरावा?

बातमीत किंवा गोष्टीत 'जहाजाची उजवी बाजू' असं लिहावं. वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि 'जहाजाची' हा शब्द ठेवल्यामुळे कुणाची उजवी असा गोंधळ उरत नाही. हुकूम, दिवे, नियम, अपघाताची चौकशी अशा ठिकाणी 'स्टारबोर्ड' आणि 'पोर्ट' तसेच ठेवावेत, कारण तिथे बोलणारे तेच बोलले होते. 'पोर्ट साइड'चं 'बंदराची बाजू' असं भाषांतर केलेलं मी छापून आलेलं वाचलंय. त्याने वाचणारा नकाशात बंदर शोधत बसतो. आणि 1930 च्या आधीच्या एखाद्या जहाजाचा हुकूम मराठीत आणत असाल, तर जहाज प्रत्यक्षात कुठे वळलं तेही सोबत लिहावं.